शिमग्यापासून बसलेला घसा

आमच्याकडे शिमगा संपला की बाप्यांचे घसे बसलेलेच असतात. पालखी नाचवताना ओरडायचं, होळीपुढे फाका म्हणजे आरोळ्या घालायच्या, ढोलांच्या दणदणाटात एकमेकांशी गप्पा मारायच्या. मग पुढचे काही दिवस निम्मा गाव खुणांनी चहा मागतो. त्यामुळे आमच्या ह्यांचा घसा बसला तेव्हा कुणी लक्षच दिलं नाही. त्यातून ह्यांच्या गावी देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान ह्यांच्या घराकडे. गाऱ्हाणं घालणाऱ्याचा घसा शिमग्यात बसायलाच हवा, नाहीतर लोक म्हणायचे, यंदा देवाला नीट सांगितलं नाही वाटतं.

घाबरले ती फक्त मी. पण माझ्या घाबरण्याला आमच्या घरात काडीची किंमत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस ही म्हण माझ्यावरूनच निघाली असणार. माझं माहेर दाभोळचं, वडील बोटीवर. वारा जरा फिरला की आई देवापुढे जाऊन बसायची आणि मी तिचा पदर धरून. वडील तिकडे कुठल्या तरी परदेशी बंदरात आरामात जेवत असायचे, आमचा वारा तिथे पोचायचासुद्धा नाही. पण भीतीला भूगोल थोडाच कळतो?

तर, चैत्र गेला, आंबे उतरले तरी घसा बसलेलाच. मी म्हटलं, "अहो, डॉक्टरना दाखवू या."

"मिठाच्या गुळण्या करतोय ना. घाबरतेस काय गो सारखी?"

हे रत्नागिरीतल्या एका कॉलेजात खेळाचे शिक्षक. शिकवतात सगळंच, पण जीव फुटबॉलमध्ये. अख्खं गाव क्रिकेटसाठी वेडं आणि ह्यांना म्हणे फुटबॉल हवा! मैदान सड्यावर, खाली सगळा जांभा दगड, पडलं की ढोपर सोलवटलंच. आमची खोली मैदानाला लागून. स्वयंपाकघरात उभी राहिले की ह्यांचा आवाज खिडकीतून आत यायचा. "लाइन सोडू नको!" "मागे बघ मेल्या, मागे!" आवाजावरून मला कळायचं, सराव कुठवर आलाय, चहा कधी टाकायचा. सामना बघायला मात्र मी कधी गेले नाही. कुणाचा पाय मोडला तर, ह्या भीतीने घरातच बसायची आणि ऐकायची.

सामन्याआधीचं गाऱ्हाणं तर मला तोंडपाठ झालं होतं. सगळी पोरं गोल उभी करायची, हात जोडायला लावायचे, डोळे मिटायला लावायचे, आणि हे गावच्या देवळात घालतात तसंच खड्या आवाजात सुरू करायचे. "बा देवा महाराजा, आज ही तुझी लेकरं मैदानात उतरतायत." की पोरं एका आवाजात, "होय महाराजा!" "ह्यांचे हातपाय शाबूत राख." "होय महाराजा!" "समोरचीही कुणाच्या तरी पोटचीच, त्यांचंही वाकडं होऊ देऊ नको." "होय महाराजा!" "रेफ्रीला चांगली नजर दे." इथे पोरं जरा जास्तच जोरात ओरडायची. "जिंकलो तर तुझी कृपा, हरलो तर आमचा आळस. चुकलंमाकलं पदरात घे." "होय महाराजा!"

गोलकीपर खाडीकडच्या मुसलमान घरातला. तो सगळ्यांबरोबर होय महाराजा म्हणायचा आणि शेवटी हळूच स्वतःचं "आमीन" जोडायचा. पहिल्यांदा जोडलं तेव्हा पोरं हसली. हे म्हणाले, "हसता काय? तेही तिथेच पोचतं." त्यानंतर त्याच्या आमीनशिवाय गाऱ्हाणं पुरं व्हायचंच नाही.

मे महिन्यात एकदा मी खिडकीत उभी होते. हे पलीकडच्या गोलपाशी उभे राहून काही तरी ओरडत होते. मान ताणलेली, तोंड उघडलेलं, हात हवेत, आणि माझ्यापर्यंत काही म्हणजे काही आलं नाही. मी गॅस बंद केला, तशीच मैदानावर गेले आणि पोरांसमोर म्हटलं, "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला, नाहीतर मी इथेच बसते." हे लाजेने का होईना, आले.

कान-नाक-घशाचे डॉक्टर वयाने अगदी तरुण. आधी हसत-खेळत बोलत होते. मग ह्यांच्या घशात नळी घालून पडद्यावर बघायला लागले. त्यांनी नळी काढली, हात धुतले, जरा जास्तच वेळ धुतले, आणि म्हणाले, "कोल्हापूरला दाखवून घ्या. उशीर नको."

कोल्हापुरात तुकडा काढला, तपासला. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. मी आयुष्यभर नाही नाही ते चिंतलं आणि प्रत्येक वेळी काही झालं नाही, आणि हे एकदाच, नेमकं हेच खरं ठरलं. गाठ स्वरयंत्रावरच. तिथले मोठे डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, "आवाजाची पेटीच काढावी लागेल. श्वास मानेला केलेल्या भोकातून घ्यायचा. आवाज जाईल, माणूस राहील. नुसती लाईट, म्हणजे रेडिएशन, देऊन बघता येतं, पण ह्या गाठीसाठी मी तो सल्ला देणार नाही. विचार करा, पण विचारात महिना घालवू नका."

हे म्हणाले, "कळवतो."

कळवतो! लग्नाला या म्हणून कुणी आमंत्रण दिलंय काय? मी कठडा घट्ट धरलेला आणि हा माणूस जिना उतरताना मला सांगतोय, इथल्या मैदानांवर गवत बघ कसलं आहे.

घरी आल्यावर चहूकडून सुरू झालं. ज्याला कळलं तो मला पहिलं विचारायचा, "तंबाखू खायचे काय?" अरे मेल्यांनो, ह्या माणसाने कधी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही! गुन्हा शोधायचा आणि मग हळहळायचं, ही कसली रीत? मोबाईलवर काढे, लेप, कुठल्या कुठल्या झाडांच्या साली. आणि ह्या सगळ्यात हे स्वतः गप्प. रोज मैदानावर जायचे, शिट्टी वाजवायचे, घरी येऊन जेवायचे. मी विचारलं की म्हणायचे, बघू. एकदाच, चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुक्या माणसाला कोच म्हणून कोण ठेवील गो?"

तेव्हापासून माझी झोप उडाली. हा माणूस आवाज राखणार आणि जीव घालवणार, असं माझ्या मनाने घेतलं.

मग एका सकाळी म्हणाले, "गावी जाऊन येऊ. कौल लावू."

त्यांच्या देवळात कौल लावतात तो असा. पाकळ्या ओल्या करून देवाच्या दोन्ही बाजूंना चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. ज्याचं दुखणं त्यानेच प्रश्न घालायचा, गुरव फक्त पाकळ्या लावतो. ह्यांच्या घरात विहिरीपासून लग्नापर्यंत सगळं कौलावर. आमचं लग्नसुद्धा उजव्या कौलाचं, म्हणून मी कधी देवाला नावं ठेवली नव्हती. पण हे आता काय? एवढे शिकलेले डॉक्टर सांगतायत ते पाकळीवर सोडायचं? वाटेत मी एक शब्द बोलले नाही. पालीला गाडी बदलली तेव्हाही नाही. बोलले असते तर रडले असते.

देवळात बायका मागे, खांबापाशी. हे पुढे. गुरवाने पाकळ्या लावल्या. ह्यांनी हात जोडले आणि त्या फाटक्या आवाजात बोलायला लागले. ज्या आवाजाने त्या देवळाचे वासे हलायचे तो आवाज माझ्यापर्यंत धड पोचत नव्हता. मी कानांत प्राण आणून ऐकत होते. तुटक तुटक आलं, "बा देवा महाराजा... ऑपरेशन... करता निभेल काय?"

आणि डावी पाकळी पडली.

मी खांब धरला. देव नाही म्हणाला. ऑपरेशन करून निभणार नाही. ह्यांनी मात्र शांतपणे डोकं टेकवलं, गुरवाच्या हातातून अंगारा घेतला, आणि मागे वळले तेव्हा चेहरा कसा मोकळा! झालं, म्हटलं, हा माणूस मरायला तयार झाला. परत येताना गाडीत हे खिडकीबाहेर बघत होते, नांगरणी कुठवर आलीय ते सांगत होते, आणि मी त्यांच्या गळ्याकडे बघत बसले होते. पांढरं कपाळ, रिकामं घर, मैदानाकडची बंद खिडकी, काय काय दिसलं मला त्या रस्त्यावर! सगळं सांगत नाही, अशा गोष्टी तोंडातून काढू नयेत.

पालीला स्टँडसमोर चहाला उतरलो. चहा पुढे आला आणि माझा बांध फुटला. आजूबाजूला माणसं होती, असेनात. मी म्हटलं, "ऐका. तुमचा देव काही म्हणो. ऑपरेशन करायचं म्हणजे करायचं. नाही म्हणालात तर मी एकटी परत जाते देवळात, आणि त्याला जाब विचारते. बायकांनी पुढे जायचं नसतं ना? बघू कोण अडवतो!"

ह्यांनी कपबशी खाली ठेवली. "अगो, देवाने तरी वेगळं काय सांगितलंन?"

"डावा पडला ना कौल!"

"डावा पडला म्हणूनच तर. मी काय विचारलं? ऑपरेशन न करता निभेल काय? तर देव म्हणाला, नाही."

तो 'न' माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता. त्या मेल्या गाठीने एवढासा 'न' गिळला आणि मला अर्धा रस्ता जिवंतपणी मारलं.

मी माझा कप बशीत आदळला. "आणि उजवा पडला असता तर?"

"तर परत लावला असता. देव समजूतदार आहे." मग खाली बघून म्हणाले, "मी ठरवलंच होतं गो. पण त्याने दिलेला आवाज. त्याला न विचारता कसा काढून टाकू?"

आणि हसले. फाटकं, खरखरीत, पण हसले. मीही हसले, नाक पुसत. ह्यांच्या हसण्याचा आवाज मी ऐकला तो पालीच्या त्या चहावाल्याकडे, शेवटचा. तेव्हा कुठे कळतं!

ऑपरेशनला आत नेताना वाटलं, आता काही तरी बोलतील, जपून ठेवावं असं. स्ट्रेचरवरून मान वळवली आणि विचारलं, "निघताना पंपाची मोटार बंद केलीस ना?" एवढा देवाघरचा आवाज, आणि त्यातलं शेवटचं वाक्य काय, तर मोटार! अजून आठवलं की मला राग येतो, आणि मग रडू येतं.

पुढचे महिने मी कशी जगले ते माझं मला माहीत. मानेत भोक, त्यातून श्वास. त्यावर मलमलीचा तुकडा बांधलेला, आणि तो हलतोय ना, हेच बघत मी दिवस काढायची. खोकला आला की माझा जीव खालीवर. आंघोळीचं पाणी आत गेलं तर? माशी गेली तर? हे हसायचे तेव्हा खांदे हलायचे, आवाज नाही. घर इतकं गप्प झालं की भाजी चिरतानासुद्धा मी मुद्दाम विळी आपटायची.

शाळेतली पाटी आणून दिली होती, मी शाळेत शिक्षिका, पाट्यांना काय तोटा. पण ह्यांना पाटीचा कंटाळा. नुसते ओठ हलवायचे. मग मलाच ते वाचायला शिकावं लागलं. सोपं नाही हो ते. मीठ आणि पीठ ओठांवर अगदी सारखंच दिसतं. एकदा जेवताना मीठ मागितलं, मी पिठाचा डबा आणून पुढे ठेवला. हळूहळू जमलं. शेवटी तर मी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून वाचायला लागले.

कॉलेजात कुजबुज होतीच. प्राचार्य घरी आले, चांगले बोलले, पण जाता जाता मला बाजूला घेऊन म्हणाले, "झोनल स्पर्धेचा पहिला सामना होऊ दे. सरांना झेपतंय का बघू, मग ठरवू." मी हे ह्यांना सांगितलं नाही. त्यांना ठाऊक होतंच.

शिट्टी आता वाजवता येईना, तोंडातून हवाच येत नाही तर फुंकणार काय? मग ह्यांनी कुठून तरी पाववाल्याच्या सायकलचा तो रबरी भोंगा पैदा केला. पों पों! पहिल्या दिवशी पोरं ओरडली, "पाव आले!" मला चीड आली. खिडकीतून बघितलं तर ह्यांचेच खांदे सगळ्यांत जास्त हलत होते.

सामना गणपतीनंतर होता. मी शाळेत रजा टाकली आणि जन्मात पहिल्यांदा मैदानावर जाऊन दोरीपाशी उभी राहिले. बॉल मानेवर बसला तर? धूळ आत गेली तर? पण खरी भीती ती नव्हती. खरी भीती ही, की हे तोंड उघडतील आणि कुणी तरी हसेल. समोरच्या कॉलेजची पोरं होती, त्यांचे सर होते, आमचे प्राचार्य खुर्चीवर बसले होते. त्यांच्यासमोर हा माणूस मोडला तर परत उभा राहायचा नाही, हे मला माहीत होतं.

गोलकीपर पुढे आला आणि मोबाईल दाखवून म्हणाला, "सर, मागच्या वर्षीचं गाऱ्हाणं माझ्याकडे रेकॉर्ड आहे. लावू?" मला वाटलं, लाव रे बाबा, सुटू दे एकदा. ह्यांनी पाटी घेतली आणि लिहिलं, 'देवाला शिळं नको.'

पोरं गोल उभी राहिली. हात जोडले. आणि सवयीने सगळ्यांनी डोळे मिटले.

ह्यांनी सुरुवात केली. मला दोरीपासून स्पष्ट दिसत होतं. बा देवा महाराजा, आज ही तुझी लेकरं मैदानात उतरतायत. ओठ थांबले. हे वाट बघत राहिले. पोरं डोळे मिटून उभीच. त्यांना वाटलं, सरांनी अजून सुरूच केलं नाही. ती सुरू व्हायची वाट बघतायत आणि हे होय महाराजाची. समोरच्या पोरांतलं एक जण दुसऱ्याच्या कानाशी लागलं. प्राचार्यांनी पायावरचा पाय बदलला. ह्यांनी पोरांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे एकदा गोल नजर फिरवली, आणि तो चेहरा मी पुन्हा कधी बघू नये, एवढंच देवाकडे मागणं आहे. गळ्यावरचा मलमलीचा तुकडा भराभर हलायला लागला.

बायकांनी गाऱ्हाण्याला साथ द्यायची नसते. गेली खड्ड्यात ती रीत! मी दोरीखालून आत घुसले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "होय महाराजा!"

पोरांनी खाडकन डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, मग सरांच्या ओठांकडे. ओठ पुन्हा हलले. हातपाय शाबूत राख. ह्या वेळी माझ्याबरोबर दोन-तीन आवाज आले. पुढच्या वाक्याला सगळे. रेफ्रीच्या वाक्याला तर पोरं पूर्वीसारखीच जोरात ओरडली, आणि रेफ्रीसुद्धा हसला. एकानेही परत डोळे मिटले नाहीत.

सामन्याचं सांगून टाकते. हरलो. हे मात्र अजून कोच आहेत, भोंगा अजून वाजतो, आणि त्या टीमचं गाऱ्हाणं आता डोळे उघडे ठेवूनच होतं. माझी भीतीही आहे तिथेच आहे. दर तपासणीला कोल्हापूरचा तो जिना मी ह्यांची बाही धरूनच चढते.

पण त्या दिवशी गाऱ्हाणं नेहमीच्या जागी संपलं नाही. चुकलंमाकलं पदरात घे झालं, गोलकीपरने आमीनसाठी तोंड उघडलं, तर ह्यांनी हाताने थांब केलं आणि माझ्याकडे वळले. आणखी एक वाक्य होतं, आधी कधी नसलेलं. पोरांना ते वाचता आलं नाही, मला आलं.

"बा देवा महाराजा, माझ्यामागे ही एकटी पडेल ही मलाही भीती आहे. तेवढं तूच बघ."

म्हणजे इतके दिवस हा माणूसही घाबरत होता. मी तोंड उघडलं, होय म्हणायला. आवाजच फुटेना.

पोरांना काय मागितलं ते ठाऊक नव्हतं. तरी सगळी एकदम ओरडली, "होय महाराजा!" आणि मग गोलकीपर म्हणाला, "आमीन."